चिमटीत सहा कोटी मेमरी कार्डं

माझ्या टेबलाच्या खणात पहिल्या प्लेस्टेशनचं एक करडं मेमरी कार्ड आहे. काडेपेटीहून जरा मोठं. क्षमता १२८ किलोबाइट. खेळाच्या वाट्याला त्यातले १५ ब्लॉक यायचे आणि ते भरले की कोणाचा सेव्ह पुसायचा यावरून आम्हा भावंडांत रडारड व्हायची.

गेल्या रविवारी भाच्याच्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८ टेराबाइटची एसएसडी बसवली. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, म्हणजे माझ्या मधल्या बोटाएवढी. पांढरं आवरण सरकवलं, झाकणाचा एक स्क्रू काढला, पट्टी तिरकी घालून हलकेच दाबली. पाच मिनिटांचं काम. मग ते जुनं कार्ड हातात घेऊन हिशेब मांडला आणि थक्क झालो.

त्या एका पट्टीत अशी ६ कोटी १० लाख कार्डं मावतात. एका कार्डाची जाडी पाऊण सेंटिमीटर धरली, तर एकावर एक रचून मनोरा साडेचारशे किलोमीटर उंच होईल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवरून फिरतं. मनोरा त्याच्याही वर जाईल.

वेगाचं तर आणखीच नवल. यंत्रातला मूळचा साठा ८२५ गिगाबाइटचा. हा अडनिडा आकडा आला तो फ्लॅश चिपांकडे जाणाऱ्या बारा वाटांमुळे. तो सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचतो, म्हणजे सगळा साठा अडीच मिनिटांत. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी ड्राइव्हला तेवढंच वाचायला महिना लागला असता! या वेगाने जागाही वाचते. यंत्राचे शिल्पकार मार्क सर्नी यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं, की प्लेस्टेशन ४ वरच्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंचा डेटा हार्ड डिस्कवर ४०० वेळा लिहिलेला होता. फिरत्या तबकडीवर डोकं लांब न्यावं लागू नये म्हणून एकाच पेटीच्या ४०० नकला!

पण एक गोष्ट भाच्याला दोनदा सांगावी लागली. या नव्या पट्टीवर फक्त खेळ आणि ॲप जातात. सेव्ह राहतात मूळच्या साठ्यातच. शंभर गिगाबाइटचा खेळ उडाला, तर १०० एमबीपीएसच्या नेटवर सव्वादोन तासांत परत उतरतो. दहा मेगाबाइटचा सेव्ह, म्हणजे त्याचा दहा हजारावा भाग, गेला की कुठूनच येत नाही. लहानपणी सेव्ह चालू असताना लाइट गेली आणि माझं कार्ड कोरं झालं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात होती. ते दुःख अजून आठवतं.

प्लेस्टेशन ५ च्या खेळांचे सेव्ह सुटे काढून पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत. एक तर पैसे भरून सदस्य व्हायचं आणि क्लाउडवर ठेवायचे, नाहीतर सेटिंगमधून यंत्राचाच बॅकअप यूएसबी डिस्कवर घ्यायचा. आम्ही दुसरा मार्ग धरला. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, ट्रॉफी आधी सिंक केल्या कारण त्या बॅकअपमध्ये येत नाहीत, आणि यादीतून सगळे खेळ वगळले. उरलं ते मिनिटांत झालं. भाच्याने डिस्कवर स्केचपेनने तारीख घातली आणि ती माझ्या खणात, करड्या कार्डाशेजारी ठेवली.