सोरायसिस आणि आजीची वांगी

धारवाडला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या कोपरांवर लालसर चट्टे आले, वर पांढऱ्या खपल्या. डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलं आणि घरात पथ्यांची यादी सुरू झाली. आजीने वांगी बंद केली, काकूने दही, शेजारच्या मावशींनी गहू. सहा महिन्यांत माझ्या ताटात वरणभात तेवढा उरला. मी अशक्त झाले. चट्टे होते तिथेच राहिले. आजी सारखी म्हणायची, "माझ्याच हातचं काही बाधलं का गं तुला?"

शेवटी हुबळीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे आजीलाच सोबत नेलं. त्यांनी तिला समजावलं, "आजी, हा प्रतिकारशक्तीच्या गोंधळाचा आजार आहे. त्वचा साधारण महिन्याभरात नवी होते, ती इथे काही दिवसांतच होते, म्हणून खपल्या. स्पर्शाने किंवा एका ताटात जेवून तो कुणाला होत नाही. तुमच्या स्वयंपाकानेही झालेला नाही."

मग आहाराचा काहीच संबंध नाही का? आहे. अंगावरची जादा चरबी शरीरातला दाह वाढवते. म्हणून वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने चट्टे कमी व्हायला मदत होते. अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशननेही 2018 साली हेच सुचवलं. दारूने त्रास वाढू शकतो, आणि मेथोट्रेक्सेटसारखी गोळी चालू असेल तर यकृतालाही धोका. गहू मात्र सरसकट सोडायचा नाही. सीलिअॅक आजार असेल किंवा रक्ततपासणीत ग्लुटेनविरोधी प्रतिपिंडं सापडली तरच. तशांसाठी आपली जोंधळ्याची भाकरी आहेच, तिच्यात मुळात ग्लुटेन नसतं. वांग्याने सोरायसिस वाढतो याला ठोस पुरावा नाही.

आता मी भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक सगळं खाते. मिरची भजी आणि पेढा कधीतरी. मलम आणि औषधं मात्र चुकवत नाही, कारण आहार हा औषधाला जोड आहे, औषधाच्या जागी नाही. चट्टे पूर्ण गेलेले नाहीत, पण अर्ध्या बाह्यांचे कपडे पुन्हा घालते.

तुमच्या घरी कुणाला सोरायसिस असेल तर त्याच्या ताटातला एखादा पदार्थ काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. सांधे दुखत किंवा सकाळी आखडत असतील तर तेही सांगा, कारण या आजारात सांधेही धरतात.

त्या दिवशी हुबळीहून परतल्यावर आजीने काही न बोलता भरली वांगी केली. पहिला घास तिने माझ्याच ताटातून घेतला.