समोर कोण बसले आहे?

भूम तालुक्यातील ईट हे बालाघाटच्या डोंगररांगांतील गाव. पावसाचा भरवसा नाही, म्हणून या भागातील शेतकऱ्याने दुभत्या जनावरांचा आधार धरला. आणि दूध नासण्यापूर्वी त्याचे पैसे व्हावेत, म्हणून या तालुक्यात खव्याच्या भट्ट्या पेटल्या. काही दिवसांपूर्वी ईट येथे एका स्नेह्याच्या ओट्यावर बसलो असता शेजारचा एक तरुण येऊन टेकला. मोबाईलवरील रमीच्या नादात २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याने दोन दुभत्या गाई विकल्या होत्या. घरात बोलणे बंद झाले होते. तो रडला नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. एवढेच म्हणाला, "काका, पैसे गेले ते गेले. माझं चुकलं, ते बी कबूल. पण समोर माणूस होता का नव्हता, एवढं तरी कुणी सांगंल का?"

त्याच्या संशयाला त्याच्यापुरती कारणे होती. मध्यरात्र असो की पहाट, खेळायला गडी मिळाला नाही असे कधी झाले नाही. समोरचा पान टाकायला घेई तो वेळ बहुधा सारखाच असे. तो कधी चुकत नसे, चिडत नसे, थकत नसे. नाव मात्र मराठी असे, आणि नावापुढे हसरा चेहरा. आता हे खरे, की हरणाऱ्याला संशय लवकर येतो आणि पराभवाचे खापर फोडायला माणूस नेहमीच दुसरे डोके शोधतो. परंतु या तरुणाचा संशय खोटा होता, असे तरी त्याला कोण पटवून देणार? त्याच्या प्रश्नाचे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देणारी कोणतीही जागा त्याच्या तालुक्यात नाही, जिल्ह्यात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

दोन प्रकारची यंत्रे

माणसाचे सोंग घेऊन खेळणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला खेळगड्यांच्या भाषेत 'बॉट' म्हणतात. अनेकांनी मिळून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांत हे बॉट दोन वाटांनी शिरतात. पहिली वाट खेळाडूची. आपण झोपलेले असताना आपल्या वतीने खेळावे, सोने-नाणे जमवावे, अचूक नेम धरावा, यासाठी काही खेळाडू स्वतःच अशी आज्ञावली लावतात. ही सरळ लबाडी होय, आणि कंपन्या तिच्याविरुद्ध लढतात. दोन चालींमधील वेळ मोजणे, चोवीस तास न थांबता चालणारी खाती हुडकणे, चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणे, असे उपाय त्या योजतात. पलीकडचा बॉटही मग मुद्दाम अडखळायला आणि चुकायला शिकतो. चोर आणि शिपाई यांची ही शर्यत न संपणारी आहे, आणि तिच्यात कधी कधी निरपराध खेळाडूचे खातेही बंद होते.

दुसरी वाट मात्र अधिक विचार करायला लावणारी आहे, कारण तिच्यावरून येणारा बॉट कंपनीचाच असतो. नव्या खेळाडूला ताटकळत बसावे लागू नये, रिकामे मेज पाहून त्याने परत फिरू नये, म्हणून कंपनी यंत्राचे गडी बसविते. मोबाईलवरील लढाईच्या लोकप्रिय खेळांत नवशिक्यासमोर असे यंत्राचे शत्रू उभे केले जातात, हे खेळणाऱ्या पोरांना चांगले ठाऊक आहे. ती त्यांना हसतात आणि पुढे जातात. त्यात पैसा नाही, म्हणून फारसे बिघडतही नाही.

वस्तुतः यंत्राशी खेळण्यात कमीपणा नाही. १९९७ साली गॅरी कास्पारोव्ह 'डीप ब्लू' या संगणकाकडून बुद्धिबळात हरला, तेव्हा समोर यंत्र आहे हे त्याला आणि साऱ्या जगाला माहीत होते. आजचे आपले बुद्धिबळपटू रोज संगणकाशी सराव करूनच मोठे होतात. २०१९ साली 'प्लुरिबस' या आज्ञावलीने पोकरमध्ये मुरलेल्या व्यावसायिकांना हरविले. तेही उघड प्रयोगात. दोष यंत्रात नाही, त्याला घातलेल्या बुरख्यात आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केम्पेलेन याने बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक 'तुर्क' आणला होता. पुढे कळले, की त्याच्या पेटीत एक जिवंत खेळाडू दडलेला असे. त्या काळी माणसाने यंत्राचे सोंग घेतले होते. आता यंत्र माणसाचे सोंग घेते. सोंगाची दिशा तेवढी बदलली. फसणारा प्रेक्षक तोच राहिला.

बुरखा उलट बाजूनेही चढविता येतो, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. २०२१ च्या जून महिन्यात कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद यांनी काही नामवंतांशी ऑनलाइन डाव खेळले. त्यांतील एका उद्योजकाने आनंद यांना हरविले आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाची व इतरांची मदत घेतल्याचे मान्य केले. डाव धर्मादायाचा होता, पणाला काही नव्हते, तरी लोक संतापले. का? कारण समोर कोण आहे, हे खोटे सांगितले गेले होते. खेळात हार चालते, फसवणूक चालत नाही, हे कळायला कायदा शिकावा लागत नाही.

कौशल्याचा आधार

पैशांच्या खेळांत मात्र हा बुरखा केवळ नीतीचा प्रश्न राहत नाही. या खेळांचा सारा डोलारा 'कौशल्य' या एका शब्दावर उभा होता. त्याचा धागा, योगायोगाने, आपल्या मराठवाड्याच्या इतिहासाशी जुळतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानात फसली सन १३०५ मध्ये जुगारबंदीचा कायदा झाला. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबावर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ साली न्यायालयाने निर्णय दिला, की रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे. कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे याला बुद्धी लागते. पुढे कंपन्यांनी हा निर्णय ढालीसारखा वापरला. त्याच निर्णयाचा दुसरा भाग मात्र त्यांनी फारसा उच्चारला नाही. पणास लावलेल्या खेळातून घराचा किंवा क्लबाचा मालक नफा काढीत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असेही न्यायालयाने तेथे बजावले होते.

आता विचार करा. त्या क्लबात मेजाभोवती माणसे बसली होती. प्रत्येकाची पाने प्रत्येकाच्या हातात, आणि एकाची पाने दुसऱ्याला अज्ञात. कौशल्य म्हणायचे ते या अज्ञातात चाचपडत वाट काढण्याला. मोबाईलवरील डावात पाने वाटतो कंपनीचा संगणक. सर्वांची पाने ठाऊक असतात ती त्यालाच. त्याच कंपनीचा गडी जर माणसाच्या नावाने मेजावर बसला, तर तो आपली पाने पाहत नाही याची हमी कोणाची? पाहत नसेलही, पण तपासणार कोण? पूर्वी अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून आपली 'नाल' काढी आणि बाजूला बसून राही. तो स्वतः टोपणनावाने डावात उतरला असता, तर गावाने त्याला पारावरून खाली ओढले असते. पत्ते पिसणारा, नाल घेणारा आणि समोर बसणारा हे तिघे एकच असतील, तर तो खेळ कौशल्याचा राहत नाही, नशिबाचाही राहत नाही.

ही केवळ कल्पनेतील भीती नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने एका मोठ्या कंपनीवर नेमका असा आरोप ठेवला, की पैशांच्या डावांत ग्राहकांना न सांगता त्यांना आज्ञावलीशी खेळविले गेले. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे; निवाडा न्यायालय करील. परंतु असा आरोप संभवनीय वाटावा इतका अंधार या धंद्यात होता, हे नाकारता येणार नाही.

तराजूवरचा शिक्का

कोणी म्हणेल, आता हा प्रश्न उरलाच कोठे? २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वादच या कायद्याने निकालात काढला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट निषिद्ध ठरविले. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार मानले नाही. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ पोचली आणि त्यांचे २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले, असा शासनाचा अंदाज होता. मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे डाव त्यानंतर बंद केले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये धाराशिव जिल्ह्यातच एका तरुण कुटुंबाचा शेवट झाल्याची आणि त्यामागे ऑनलाइन रमीचे कर्ज असल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. ती वाचलेल्यांपैकी कोणी या बंदीबद्दल हळहळला नसेल.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो दोन कारणांनी उरतो. एक तर बंदीने दुकान बंद होते, व्यसन बंद होत नाही. परदेशांतून चालणारी आडवाटेची दुकाने मोबाईलवर पोचत राहतात, आणि तेथे समोर कोण बसले आहे हे विचारण्याची सोयच नाही. दुसरे असे, की पैसे पणाला न लावता खेळावयाचे खेळ आणि ई-क्रीडा यांना या कायद्याने मोकळीकच नव्हे, उत्तेजनही दिले आहे. ते योग्यच आहे. परंतु तेथेही मुले आपला वेळ आणि झोप घालवितात, खेळातील वस्तू विकत घेतात. ज्याला ती विजय समजतात तो यंत्राने मुद्दाम सोडलेला डाव होता काय, हे त्यांना कळले पाहिजे.

या बाबतीत ईटच्या शेतकऱ्याकडून शहाण्यांनी काही शिकावे. तो रोज सकाळी दूध घालतो, तेव्हा त्याचा भाव यंत्रच ठरविते. फॅट किती, हे डोळ्यांना दिसत नाही. काट्यावरचा आकडा मानावा लागतो. यंत्राला तो नाव ठेवीत नाही. मात्र ते यंत्र घेणाऱ्याच्या ताब्यात असते, आणि एक एक आकड्याने आपले किती जाते, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो म्हणतो, काटा तपासा, त्यावर शिक्का मारा, आकड्याची चिठ्ठी माझ्या हातात द्या. वजने-मापे तपासण्यासाठी आपल्याकडे २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम आहे, त्याचे निरीक्षक आहेत. लिटरभर दुधाला जी हमी आपण देतो, ती पोराच्या रात्रीला आणि बापाच्या पैशाला का देऊ नये?

मागणी फार मोठी नाही. समोर यंत्र असेल तर त्याच्या नावापुढे तसे स्पष्ट लिहावे, आणि ते मराठीत लिहावे. खेळ संपल्यावर कोणती पाने वाटली गेली, कोण माणूस होता आणि कोण यंत्र, याची नोंद खेळाडूला मागता यावी. या नोंदी कंपनीच्या नोकराने नव्हे, बाहेरच्या तज्ज्ञाने तपासाव्यात. अशी अट जगात अगदीच नवी नाही. व्यवहाराच्या किंवा मतदानाच्या बाबतीत माणसाला फसविण्यासाठी वापरलेल्या बॉटने आपण यंत्र आहोत हे लपवू नये, असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून लागू झाला. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या १३ क्लृप्त्या नावानिशी निषिद्ध केल्या. माणसाचे नाव धारण करून समोर बसलेल्या यंत्राला त्या तेरांत वेगळे स्थान नाही. ते मिळावयास हवे. नव्या कायद्याने ऑनलाइन खेळांसाठी प्राधिकरणाची तरतूद केली आहे. त्याचे हे पहिल्या क्रमांकाचे काम ठरावे.

तोवर ज्याचे पैसे गेले त्याने लाजेपोटी गप्प बसू नये. कायदा त्याला आरोपी मानत नाही; सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. घरच्यांनीही त्याला केवळ दोषी धरून घराबाहेरच्या अंधारात लोटू नये, कारण मोबाईलवरचा तो अंधार त्याची वाटच पाहत असतो.

ओट्यावरून उठताना त्या तरुणाला प्रस्तुत लेखकाने सांगितले, की तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. तो उठला. धार काढायची वेळ झाली होती आणि गोठ्यात एक गाय उरली होती. त्याने आपली चूक कबूल केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी मात्र अद्याप तोंड उघडलेले नाही.