एक भिंत सोडून

पाऊस उघडला, भात कापणीला आलं की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एक चर्चा हमखास सुरू होते. बाहेरच्या खोलीचं काय करायचं? घरकुलाचा शेवटचा हप्ता आलेला असतो, गिलावा झालेला असतो, हातातले पैसे संपत आलेले असतात. रंग पोपटी द्यायचा की आकाशी? खाली कोबाच ठेवायचा की लादी बसवायची? टीव्ही कुठल्या भिंतीला? कासा नाहीतर तलासरीच्या बाजारातून प्लास्टिकच्या चार खुर्च्या येतात, मागून लोखंडी कपाट येतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरलेलं आहे, म्हणजे जेमतेम पावणेतीनशे चौरस फूट. त्यात चुलीची जागाही आली. एवढ्याशा घरात एकेका भिंतीवर वाद होणारच.

हा प्रश्न इथे नवा आहे, कारण इथल्या वारली आदिवासींच्या घरात पाहुण्याला दाखवायची म्हणून वेगळी खोलीच नव्हती. कारवीच्या काड्या उभ्या लावून कूड करायचा, त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा, वर कौलं किंवा गवत. पुढे ओटा, आत एकच मोठी अंधारी जागा: एका बाजूला गुरं, एका बाजूला चूल, भाताच्या कणग्या. पाहुणा ओट्यावर टेकायचा. तिथे सजावट म्हणून काही नसे. कोयता, पावसाळ्यातलं इरलं, मासळीचं जाळं, असल्या कामाच्या वस्तू हाताशी असत. घरातली सगळ्यात मोलाची भिंत आत असे, जिथे परक्याची नजर सहज पोचत नाही. शहरातल्या दिवाणखान्याच्या बरोबर उलटं. आपण चांगलं ते पुढे मांडतो. इथे चांगलं ते आत राखलेलं असे.

त्या आतल्या भिंतीवर लग्नाच्या वेळी चौक लिहिला जातो. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या बाजूला एका लग्नघरी मी ते काम जवळून पाहिलं. भिंत आधी सारवून घेतलेली, त्यावर गेरूचा हात. तांदूळ भिजवून वाटलेले, ते पांढरं पाणी एका वाटीत. बांबूची बारीक काडी, तिचं टोक दातांनी चावून मऊ केलेलं. म्हातारी सवाशीण उकिडवी बसली आणि तिने आधी चौकट आखली. चौकटीला एकात एक किनारी, किनारीत साखळ्या, त्रिकोण, रेघांची दाटी. टोक कडक झालं की ती काडी पुन्हा तोंडात धरी. ओली रेघ गेरूवर आधी दिसतच नाही; वाळत जाते तशी पांढरी उमटते. म्हणजे हात पुढे गेलेला असतो आणि चित्र मागून येत असतं. शेजारी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणत होती. दोन्ही कामं एकाच कार्याची, एक भिंतीवर आणि एक गळ्यात.

मोठ्या चौकात मध्यभागी पालघट देवी येते. पालवी आणि भरलेला घट, सगळं उगवणं तिच्याकडे. दुसऱ्या, लहान चौकात पंचशिऱ्या देव. भोवती झाडं, बाशिंग, नवरा-नवरी, वऱ्हाड, तारपा वाजवणारा. हे सगळं देवाला बोलावण्यासाठी. कार्य उरकल्यावर ते जपत बसण्याचा प्रश्नच नसतो. पुढच्या सारवणात चित्र मातीत मिसळून जातं, आणि पुढच्या लग्नाला नवं येतं.

याच डहाणू तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे, पारशी-इराण्यांची चिकूच्या वाड्यांतली घरं आहेत. तिथेही सकाळी उंबऱ्याशी भोकांच्या पत्र्याच्या डबीने पांढऱ्या भुकटीचे ठसे उठतात, मासा असतो, फुलं असतात. त्यांच्या बोलीत त्यालाही चोक पुरणंच म्हणतात. आपल्या घरी पाटाभोवती रांगोळीचा चौक भरतात तसंच. पाहुण्यासाठी आणि देवासाठी जागा पांढऱ्याने आखून द्यायची, ही या किनाऱ्यावरची समाईक रीत असावी असं मला वाटतं.

मग ही भिंत जगाच्या दिवाणखान्यात कशी गेली? १९६०च्या दशकातल्या दुष्काळात बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आले. त्यांनी जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं पाहिली. म्हसे १९३४चे, जन्म तलासरीतल्या धामणगावचा, राहणं पुढे गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. लग्नविधीचं निमित्त नसताना, मनात येईल तेव्हा, जे दिसेल ते काढणारा हा माणूस. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं, २०११ला पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. मासे पकडणाऱ्याचं जाळं त्यांनी असं काढलं की कागदभर नुसत्या बारीक रेघा हलताना दिसतात. मोठा कलावंत, यात वाद नाही.

पण एक गोष्ट मला सलते. मधुबनीत कागद बायकांच्या हाती गेला आणि त्यांची नावं जगाला कळली. इथे भिंत बायकांची होती, पण कागद आधी पुरुषांच्या हाती गेला. ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या ही रेघ जिवंत ठेवली त्यांतल्या किती जणींची नावं कुठे लिहिलेली आहेत? आज मुली आणि सुना कागदावर, कापडावर काढतात, सही करतात. ती सही बघितली की बरं वाटतं.

आता तेच चित्र पडदा, उशी, भिंतीचा छापील कागद होऊन पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या खोलीत बसलं आहे. वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी कारखान्यात छापलेला पडदा बाजारात खुशाल ‘वारली’ म्हणून विकला जातो. घरात हे चित्र हवं असेल तर जरूर लावा, फक्त काही गोष्टी पाळा. पालघटचा चौक शोभेला लावू नका. तो देवाचा आहे, सोफ्यावर टांगायचा नाही. तारप्याचा नाच, भातलावणी, जाळं घ्या, त्यात आनंद आहे आणि कुणाचा विधी मोडत नाही. चित्र काढणाऱ्याकडून घ्या, त्यावर नाव असू द्या. मागची भिंत साधी, मातकट ठेवा. त्या पांढऱ्या रेघेला भोवती रिकामी जागा लागते. खोलीभर नक्षी असेल तर ती गुदमरते.

आणि इकडे घरकुलात? तेलरंगाच्या गुळगुळीत भिंतीवर तांदळाचं पाणी धरत नाही, ओघळतं, नाहीतर वाळून पापुद्रे सुटतात. टाइल लावली तर प्रश्नच मिटला. म्हणून काही घरांत आता चौक पोस्टर रंगाने लिहितात. मी त्याला नावं ठेवणार नाही. कार्य होणं महत्त्वाचं. पक्क्या घराची हौस करायचा हक्क या लोकांना आहेच. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीत दिवस काढले, १९४५च्या वारली उठावात ज्यांनी ती वेठ मोडली, त्यांच्या नातवाने भिंतीला आकाशी रंग द्यायचा की नाही हे बाहेरच्याने सांगू नये. पण घरातल्या घरात एक विचारणं होऊ शकतं. रंग ठरवताना बाप आणि मुलगा दुकानात जातात, तेव्हा चौक लिहिणारी आजी घरी असते. तिला कुठली भिंत लागेल, हे तिला कुणी विचारत नाही.

गिलाव्याची एक भिंत खरबरीत ठेवली, तिला फक्त गेरूचा हात दिला, तरी तांदळाची रेघ तिच्यावर बसते. खर्च वाचतोच, वाढत नाही. तेव्हा या दिवाळीत रंगाऱ्याला बोलावाल त्याआधी आजीला विचारा, आणि त्याला सांगा: सगळं घर रंगव, आतली ही एक भिंत सोडून.