रूळ का थकतो?

फलाटावर गाडीची वाट पाहताना रुळांकडे नीट पाहा. रुळाच्या कडा आणि बाजू गंजून तांबूस झालेल्या असतात, पण माथ्यावर एक अरुंद पट्टा आरशासारखा चकाकत असतो. चाक रुळाला टेकते ते या पट्ट्यातच. हा पट्टा कितीही तुकतुकीत दिसला तरी त्याच्याखालच्या दोन-चार मिलिमीटर पोलादात बरीच उलथापालथ चाललेली असते. ती कशी घडते, ते या लेखात पाहू.

लोखंडी तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते. धातूच्या या थकव्याची ओळख माणसाला रेल्वेनेच करून दिली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून गाडी घसरली, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीतील ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि दाखवून दिले, की एका खेपेला सहज पेलणारा भार लाखो वेळा पडला, तर धातू तुटू शकतो.

आस वाकतो. रुळाचा माथा मात्र मुख्यतः दाबला जातो. मग तो का थकावा?

आधी थोडा हिशोब करू. मालगाडीच्या भरलेल्या वाघिणीच्या एका आसावर २० टनांहून अधिक भार असतो. म्हणजे एका चाकावर सुमारे १० टन. हे चाक रुळाला जिथे टेकते, ती जागा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी, साधारण एक चौरस सेंटीमीटर असते. म्हणजे दाब झाला चौरस सेंटीमीटरला १०,००० किलो. आपल्याकडे सर्रास वापरल्या गेलेल्या ८८० प्रतीच्या रुळाचे पोलाद ओढून तोडायचे, तर चौरस सेंटीमीटरला सुमारे ९,००० किलो जोर लागतो. दाब त्याहूनही जास्त आहे, तरी रूळ पहिल्याच गाडीखाली चिरडत नाही!

याचे कारण असे, की दाबल्या जाणाऱ्या पोलादाला बाजूला सरकायला वाव नसतो. भोवतालचे पोलाद त्याला चारी बाजूंनी आवळून धरते. सर्व बाजूंनी सारखाच दाब पडला तर धातूचा आकार बदलत नाही. आकार बदलतो तो एक थर दुसऱ्यावर सरकवू पाहणाऱ्या बलामुळे, म्हणजेच कातर प्रतिबलामुळे. दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता काय होते, याचे गणित हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८१ मध्ये मांडले. विद्युतचुंबकीय लहरींचा शोध लावणारे हर्ट्झ ते हेच. या गणितातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. सर्वांत मोठे कातर प्रतिबल पृष्ठभागावर नसून थोडे खाली असते. आपल्या उदाहरणात ते सुमारे तीन मिलिमीटर खोलीवर येते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुना, टाकून दिलेला कोन मिळाला तर वर्गात जरूर आणा. छर्रे ज्या वर्तुळावर फिरले, तिथे बारीक खड्डे पडलेले दिसतील. वंगण असलेल्या चांगल्या बेअरिंगमध्ये घर्षण कमी असते. तिथे भेग बहुधा पृष्ठभागाखाली जन्मते, वर येते आणि धातूची खपली उडते.

रुळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. इंजिनाचे चाक रुळाला मागे रेटते, ब्रेक लावलेले चाक पुढे ओढते आणि वळणावर चाक आडवेही घसटते. हे घर्षण वाढले की सर्वांत मोठे कातर प्रतिबल वर सरकत थेट पृष्ठभागावर येते.

नव्या रुळावरून पहिली काही चाके गेली की माथ्याचे पोलाद किंचित दबते, कठीण होते आणि त्यात अनुकूल अंतर्गत प्रतिबले शिल्लक राहतात. यानंतर पुष्कळदा रूळ ‘सरावतो’, म्हणजे चाक आले की दबतो आणि गेले की पूर्ववत होतो. पण भार आणि घर्षण एका मर्यादेपलीकडे गेले, तर असा सराव होत नाही. दर चाकागणिक वरचा थर एकाच दिशेने अगदी थोडा सरकतो आणि परत येत नाही. केंब्रिजचे के. एल. जॉन्सन यांनी या मर्यादेचा सखोल अभ्यास केला.

हे सरकणे डोळ्यांना दिसणारे नसते, पण थेंबे थेंबे तळे साचते. पन्नास वाघिणींच्या एका गाडीला २०० आस असतात. दिवसाला अशा वीस गाड्या धरल्या, तर एकाच जागेवरून वर्षाला चौदा लाखांहून अधिक चाके जातात. आम्ही प्रयोगशाळेत वापरलेल्या रुळाचा तुकडा कापतो, गुळगुळीत करतो, अल्कोहोलमध्ये मिसळलेले थोडे नायट्रिक आम्ल लावतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. खोलवरचे स्फटिककण जसेच्या तसे असतात. पृष्ठभागाजवळचे मात्र विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेला आडवे झालेले असतात. ताणण्याची ऐपत संपली की याच आडव्या थरांमधून भेग फुटते. आधी ती पृष्ठभागाशी लहान कोन करून तिरपी जाते. पावसाचे पाणी तिच्यात शिरते. वरून चाक आले की भेगेचे तोंड मिटते आणि कोंडलेले पाणी पाचरीसारखे तिचे टोक फाकवते. यांपैकी एखादी भेग पुढे खाली वळते. ती वळली, की रूळ तुटण्याचा धोका निर्माण होतो.

१७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफील्डजवळच्या वळणावर ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जात असताना नेमके हेच घडले. रुळाच्या आतल्या कडेवर अशा भेगा पडल्या होत्या. रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले, चार प्रवासी मृत्युमुखी पडले, सत्तरहून अधिक जखमी झाले. दुःखाची बाब अशी, की रूळ खराब झाल्याचे आधीच लक्षात आले होते आणि तो बदलायचेही ठरले होते. बदलणे तेवढे राहून गेले. या अपघातानंतर ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक ठिकाणी गाड्यांचा वेग कमी करावा लागला.

अशा भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरतात. पण वरच्या उथळ भेगांवरूनच ध्वनी परतला, तर त्यांच्या सावलीतली खोल भेग दिसत नाही. म्हणून भेग वाढण्याआधीच काढून टाकणे उत्तम. इथे एक गमतीची गोष्ट कळते. रुळाची झीज आपण शत्रू मानतो. पण झिजेचा वेग भेगेच्या वाढीपेक्षा जास्त असेल, तर भेग उगवता उगवताच पुसली जाते. रूळ अधिक कठीण केला किंवा झीज थांबवली, तर भेगेला वाढायला सवड मिळू शकते. म्हणूनच भारतासह अनेक देशांत विशेष यंत्रांनी रुळाचा माथा ठरावीक काळाने मिलिमीटरच्या काही अंशाएवढा घासून काढतात. थोडे पोलाद मुद्दाम गमावून रुळाचे आयुष्य वाढवायचे, असा हा व्यवहार आहे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. शाडूच्या ओल्या मातीची जाड वडी करा. तिच्या एका बाजूवर सुईने उभ्या रेघा मारा. मग काचेची बाटली माथ्यावरून किंचित ओढत, नेहमी एकाच दिशेने, वीस-पंचवीस वेळा फिरवा. रेघांची वरची टोके वाकतील, खालची सरळच राहतील. त्या रेघांची वही दर पाच फेऱ्यांनी विद्यार्थ्यांना काढायला लावा. एका फेरीत काहीच झाले नाही असे वाटते, आणि पंचवीस फेऱ्यांनंतर ते खोटे ठरते. मात्र रूळ पाहायचे ते फलाटावरूनच, हे मुलांना बजावायला विसरू नका.