ट्रॅक्टरच्या आर.सी. बुकावरची तारीख



रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, पलटी नांगर अशा ट्रॅक्टरचलित अवजारांच्या अनुदानासाठी अर्ज करताना आर.सी. बुकाची प्रत जोडावी लागते, हे आपणांस माहीत आहेच. त्यामुळे गावोगावची आर.सी. बुके आमच्या नजरेखालून जातात. नाव, इंजिन नंबर, चॅसी नंबर सगळे जागच्या जागी असते. पण नोंदणीची मुदत अमुक तारखेपर्यंत, ही जी एक ओळ असते ती मालकाने कित्येकदा वाचलेलीच नसते. दाखवून दिली तर म्हणतात, "साहेब, ट्रॅक्टर घरचा, रोज चालतोय, त्याला मुदत कसली?"

मुदत आहे. शेतीचा ट्रॅक्टर हा नियमानुसार बिगर-वाहतूक वाहनात मोडतो. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे अशा वाहनाची नोंदणी 15 वर्षे चालते. मोटारसायकल, घरची जीप, कार यांनाही हेच लागू. त्यानंतर दर वेळी 5 वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. सन 2010-11 च्या सुमारास घेतलेली वाहने त्यामुळे आता याच टप्प्यावर आली आहेत. आपली गाडी कोणत्या सालातली, ते आजच बघा.

इथे एक अफवा खोडून काढतो. दहा वर्षे झालेले ट्रॅक्टर सरकार भंगारात काढणार, असे मोबाईलवर बरेच फिरले होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी 2023 मध्येच ही गोष्ट खोटी असल्याचे जाहीर केले आहे. ट्रॅक्टर पहिली 15 वर्षे आणि पुढे पाच-पाच वर्षे वाढवून चालवता येतो. या अफवेने दोन्हीकडून नुकसान केले. काहींनी चांगले चालते ट्रॅक्टर पडेल भावात विकले, तर काहींनी ‘आता मोडीतच जायचाय’ म्हणून कागदांकडे बघणेच सोडले.

आता पैशाचे बोलू. पूर्वी कारच्या नूतनीकरणाला 600 रुपये आणि मोटारसायकलला 300 रुपये फी होती. 1 एप्रिल 2022 पासून ती कार, जीप अशा हलक्या वाहनांना 5,000 आणि मोटारसायकलला 1,000 रुपये झाली. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने 20 वर्षांवरच्या वाहनांची फी आणखी वाढली, हलक्या वाहनाला 10,000 आणि मोटारसायकलला 2,000. त्याशिवाय आपल्या राज्यात 2010 पासून 15 वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर आहे, तोही नूतनीकरणाच्या वेळीच वसूल होतो. ऑनलाइन अर्ज भरला की आपल्या वाहनाची एकूण रक्कम समोर येते.

पण खरा फटका फीचा नाही, उशिराचा आहे. मुदत संपल्यानंतर मोटारसायकलला दरमहा 300 आणि बाकीच्या बिगर-वाहतूक वाहनांना दरमहा 500 रुपये जादा लागतात. महिना अपुरा असला तरी पूर्ण धरतात. म्हणजे चार दिवसांचा उशीर झाला तरी 500 रुपये गेलेच. दोन वर्षे दुर्लक्ष झाले तर 24 महिन्यांचे 12,000 रुपये, आणि मूळ फी वेगळी. मोटारसायकलचे दोन वर्षांचे 7,200 होतात. सोळा-सतरा वर्षांच्या मोटारसायकलला बाजारात काय किंमत येते, ते तुम्हीच सांगा. सोसायटीचे व्याज चढते तसे हे चढत जाते, फरक इतकाच की सोसायटीची नोटीस तरी येते. इथे घरी कागद येईल याची वाट बघू नका.

अर्ज मुदतीपूर्वी 60 दिवसांपासून करता येतो. नमुना क्रमांक 25 भरायचा. सोबत आर.सी. बुक, चालू विमा, पी.यू.सी. आणि कर भरल्याचा पुरावा ठेवावा. ही कागदपत्रे बहुतेकांकडे निघतात. अडकते ते दुसरीकडेच.

पहिली अडचण बोजाची. बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज फिटून वर्षे होतात, तरी आर.सी. बुकावर बोजा तसाच असतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा आपण तलाठ्याकडे जाऊन कमी करून घेतो ना, तसेच हे. बँकेची एन.ओ.सी. आणि नमुना क्रमांक 35 देऊन तो उतरवून घ्यावा.

दुसरी अडचण नावाची, आणि ही मोठी. ट्रॅक्टर वडिलांच्या नावे, वडील वारलेले, आणि चालवतोय मुलगा. शेताची वारस नोंद झाली, ट्रॅक्टरची राहिली. नियम असा की मालक मयत झाल्यापासून 30 दिवसांत वारसाने परिवहन कार्यालयाला कळवायचे, म्हणजे तीन महिने वाहन वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत नमुना क्रमांक 31 भरून नावावर करून घ्यायचे. तेराव्यानंतर वारस नोंदीची कागदपत्रे जमवता तेव्हाच मृत्यू दाखल्याच्या दोन प्रती जास्त काढा. बाजारातून स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरचे तर विचारूच नका. विकणारा सापडत नाही आणि आर.सी. बुकावर तिसऱ्याच तालुक्यातल्या माणसाचे नाव. जुना ट्रॅक्टर घेतानाच नमुना 29 आणि 30 वर मूळ मालकाच्या सह्या घ्या, मगच उरलेले पैसे मोजा.

ट्रॉलीला स्वतंत्र नोंदणी असते, हेही ध्यानात असू द्या. ट्रॅक्टरचे कागद चोख आणि ट्रॉलीचा नंबरच माहीत नाही, असे ऊस वाहतुकीच्या दिवसांत सर्रास दिसते.

"आम्ही रस्त्यावर नेतच नाही, शेतातच असतो," असे काहीजण म्हणतात. कायद्याच्या कलम 39 मध्ये सार्वजनिक ठिकाण आणि अन्य कोणतेही ठिकाण, असे दोन्ही शब्द आहेत. शिवाय डिझेल आणायला, गिरणीला, लग्नाला ट्रॅक्टर जातोच. वैध नोंदणी नसताना वाहन चालवले तर पहिल्या वेळी 2,000 ते 5,000 रुपये दंड. पुन्हा सापडल्यास 5,000 ते 10,000 रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चालवणारा आणि चालवायला देणारा, दोघेही त्यात येतात. वाहन अडकवूनही ठेवता येते, आणि ऐन वाफशावर ट्रॅक्टर आठ दिवस पोलीस ठाण्यात उभा राहिला तर पेरणीचे काय होते ते सांगायला नको. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेताना या दंडातून सूट आहे, मात्र सात दिवसांत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवावे लागते.

विम्याचेही असेच. हप्ता भरला म्हणजे काळजी मिटली असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नरिंदर सिंग यांच्या प्रकरणात, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावर अपघात झालेल्या गाडीची नुकसानभरपाई नाकारणे योग्य ठरवले. मुदत संपून महिनाही झाला नव्हता, आणि विमा चालू होता.

गावच्या कारभाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. 1 एप्रिल 2023 पासून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या 15 वर्षांवरच्या वाहनांचे नूतनीकरण होतच नाही. यात ग्रामपंचायतीही आल्या. पंचायतीच्या नावावर ट्रॅक्टर किंवा घंटागाडी असेल तर सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तिची तारीख पाहून नव्या वाहनाची तरतूद आधीच्या अंदाजपत्रकात धरावी. ऐन उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढायचा ट्रॅक्टर बाद झाल्याचे कळणे कोणालाच परवडणारे नाही.

नूतनीकरणासाठी वाहन निरीक्षकाला प्रत्यक्ष दाखवावे लागते. जाण्यापूर्वी ट्रॅक्टर धुऊन घ्या. चॅसी नंबर गंज आणि रंगाखाली दडलेला असतो, तो घासून वाचता येईल असा करा, कारण तो आर.सी. बुकाशी पडताळतात. शेतातल्या ट्रॅक्टरचे मागचे दिवे बहुधा फुटलेले आणि वायर उंदराने कुरतडलेली असते. हेडलाईट, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, रिफ्लेक्टर सगळे चालू करून न्या, नाहीतर हेलपाटा पडेल. तालुक्याच्या गावी परिवहन कार्यालयाचे शिबिर लागते, त्याची तारीख आधी विचारा म्हणजे जिल्ह्यापर्यंत ट्रॅक्टर न्यायचे डिझेल वाचेल. आणि हे काम रब्बीच्या काढणीनंतर, खरिपाच्या मशागतीआधी, ट्रॅक्टर रिकामा असताना उरकून घ्या.