उन्हाळ्यांतील लेखनशाळा

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास 'कांहीं तरी लिही' असें सांगितलें, तर तो प्रथम स्वतःच्या मनांत डोकावून पाहत नाहीं. अशा विषयावर पूर्वीं कोणीं काय लिहिलें आहे, तें तो आठवूं लागतो. 'पावसाळ्यांतील एक दिवस' या विषयावरील वर्गाच्या वह्या तपासावयास घेतल्या, तर बहुतेकांत तोच मोर नाचत असतो आणि तीच धरित्री हिरवा शालू नेसून उभी असते. भाषा शुद्ध असते, अक्षर वळणदार असतें, गुणही बरे मिळतात. परंतु जिच्या घराचें छप्पर गळतें व जिनें रात्रभर जागून थेंबांखालीं भांडीं मांडलीं, त्या मुलीच्याही वहींत मोरच असतो.

हें जें लिहावयाचें राहून जातें, त्यांतच त्या मुलीचा खरा आवाज असतो. तो कागदावर कसा उतरावा, यासाठीं अमेरिकेंत चालणाऱ्या एका प्रयत्नाची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयुक्त वाटेल.

अमेरिकेच्या मध्यभागीं मक्याच्या शेतीसाठीं प्रसिद्ध असें आयोवा नांवाचें राज्य आहे. तेथील आयोवा सिटी या गांवच्या विद्यापीठांत १९३६ सालीं लेखनकलेचें स्वतंत्र शिक्षण सुरू झालें. पुढें १९६७ सालीं देशोदेशींच्या लेखकांसाठीं तेथें आणखी एक उपक्रम निघाला; आपले मराठी कवि दिलीप चित्रे हे १९७५ पासून कांहीं काळ त्यांत होते. २००८ सालीं युनेस्कोनें या गांवास साहित्यनगरीचा मान दिला. याच विद्यापीठांत उन्हाळ्याच्या सुटींत हायस्कुलांतील मुलामुलींसाठीं दोन आठवड्यांची निवासी लेखनशाळा भरते. तिला 'यंग रायटर्स स्टुडिओ' असें म्हणतात. विद्यार्थी कविता, कथा इत्यादिकांपैकीं एक शाखा निवडतो आणि तीतच लक्ष घालतो.

अशा शाळेंत शिकवितात तरी काय? येथील शिक्षक स्वतः लेखन करणारे असतात. ते मुलांबरोबर चांगलें साहित्य वाचतात व लहान लहान लेखनाभ्यास देतात. परंतु या शिक्षणाचा कणा म्हणजे एकमेकांचें लेखन वाचण्याची बैठक होय. एका विद्यार्थ्याच्या कथेच्या प्रती सर्वांस आधीं दिल्या जातात. सर्वजण ती लक्षपूर्वक वाचून येतात आणि टेबलाभोंवतीं बसून बोलतात: डोळ्यांसमोर काय उभें राहिलें, कोणतें वाक्य मनांत रेंगाळलें, वाट कोठें चुकली. अशा बैठकींची जुनी रीत अशी कीं, चर्चा चालू असतां लेखकानें गप्प बसावें.

या मौनास कारण आहे. बोलण्याची मोकळीक असली, तर लेखक लगेच म्हणतो, 'मला असें म्हणावयाचें होतें.' मग चर्चा त्याच्या हेतूची होते, लेखनाची होत नाहीं. तो गप्प बसला म्हणजे कागद एकटाच काय बोलतो, हें त्याला ऐकूं येतें. उसन्या शोभिवंत वाक्यांवरून सर्वांची नजर घसरून गेली आणि सहज लिहिलेल्या एका साध्या ओळीपाशीं सारे थांबले, हें त्यास तेथेंच कळतें. ती ओळ बहुधा त्याची स्वतःची असते. मात्र या रीतींत एक उणीवही आढळून आली. ज्याचें जीवन इतरांस अपरिचित, अशा मुलाचे गैरसमजानें हाल होतात व त्यास उत्तरही देतां येत नाहीं. म्हणून अलीकडे कित्येक शिक्षक लेखकासच प्रथम प्रश्न विचारूं देतात.

अपरिचित वाणीचें मोल काय असतें, हें याच विद्यापीठांत घडलेल्या एका गोष्टीवरून दिसेल. १९४५ सालीं फ्लॅनरी ओ'कॉनर ही वीस वर्षांची मुलगी दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यांतून तेथें शिकावयास आली. तिची बोली इतकी प्रांतिक होती कीं, लेखनवर्गाचे प्रमुख पॉल एंगल यांस ती कळेना; काय हवें आहे तें कागदावर लिहून द्या, असें त्यांस सांगावें लागलें. तिनें तसें लिहून दिलें आणि तिला वर्गांत प्रवेश मिळाला. तीच दक्षिणी बोली पुढें तिच्या कथांतील माणसांच्या तोंडीं आली. १९६४ सालीं तिचें निधन झालें. तिच्या समग्र कथांस १९७२ सालीं अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मिळाला.

आपल्याकडेही याला साक्ष आहे. बहिणाबाई चौधरी यांस लिहितां येत नव्हतें. शेतांत व जात्यावर त्यांनीं खानदेशी बोलींत गाइलेल्या ओव्या घरच्यांनीं टिपून ठेवल्या. म्हणून १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या महाराष्ट्राच्या हातीं आल्या. टिपून घेणारें कोणी नसतें, तर तो आवाज घराबाहेर गेलाच नसता.

आयोवाची शाळा खर्चाची आहे आणि असे उपक्रम नाजुकही असतात. निरनिराळ्या देशांतील तरुणांसाठीं त्याच विद्यापीठानें २००८ सालीं सुरू केलेला दुसरा उन्हाळी मेळावा सरकारी अनुदान थांबल्यामुळें २०२५ सालीं रद्द करावा लागला. परंतु त्यांतील सार घेण्यास ना अनुदान लागतें, ना आगबोट. पांच-सहा मित्रमैत्रिणींनीं सुटींत आठवड्यांतून एकदां कोणाच्या तरी ओसरीवर जमावें. प्रत्येकानें स्वतः पाहिलेल्या एखाद्या लहानशा वस्तूवर वा प्रसंगावर एक पान लिहून आणावें व वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, जी घरची बोली असेल, तिची लाज धरूं नये. ऐकणाऱ्यांनीं हसूं नये, वाहवाही करूं नये. आपणांस काय दिसलें, एवढेंच सांगावें.

पालकांसही एक विनंति आहे. मुलानें आपण होऊन लिहिलेलें पान वाचावयास दिलें, तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका अवश्य दाखवाव्या, पण त्या दुसऱ्या वाचनाच्या वेळीं. पहिल्या वाचनांत त्यानें काय सांगितलें तें ऐकावें. छप्पर गळत असल्याचें मुलीनें लिहिलें, म्हणून घराची अब्रू जात नाहीं. आपलें म्हणणें घरांत कोणी तरी ऐकतें, असें तिला कळतें, आणि पुढच्या पावसाळ्यांत तिच्या वहींतील मोर आपोआप उडून जातो.