तीर्थ, लेणी आणि पर्यटनस्थळ

'पर्यटन' हा शब्द आपल्या लेखनात सहसा नाराजीच्या सुरातच येतो. जेथे भिक्षुसंघाने वर्षावास केला, जेथे चैत्याला वंदन करावयाचे, तेथे सहलीचा डबा उघडून बसणाऱ्या मंडळींना पाहून उपासकाच्या मनाला क्लेश होतात, आणि ते स्वाभाविक आहेत. परंतु बौद्ध स्थळांकडे जाणारा रस्ता कोठून काढावयाचा, गाडी कोठे थांबवावयाची, स्थळाच्या पायथ्याशी गाळे कोणास द्यावयाचे आणि फलकावर काय लिहावयाचे, हे सारे निर्णय आज पर्यटनाच्या नावानेच घेतले जातात. ज्या भाषेत आपल्या वारशासंबंधीचे निर्णय होतात ती भाषा आपणास अवगत नसेल, तर निर्णय दुसरेच करणार.

या विषयाच्या अभ्यासकांनी एक मूलभूत भेद सांगितला आहे. रिची आणि क्राउच या दोन विद्वानांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो विस्ताराने मांडला आहे. एखाद्या स्थळास निसर्गाकडून व इतिहासाकडून जे लाभले, ते त्याचे वारसाधन होय. त्या धनाचा विनियोग कसा केला जातो, म्हणजे मार्ग, निवास, स्वच्छता, सुरक्षितता, माहिती, व्यवस्थापन आणि स्थानिक लोकांचे सहकार्य किती आहे, यावर त्या स्थळाची स्पर्धाक्षमता ठरते. पहिली गोष्ट विपुल असून दुसरी दुबळी असू शकते. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२४ च्या प्रवास व पर्यटन निर्देशांकात ११९ देशांमध्ये भारताचा क्रमांक ३९ वा लागला. सांस्कृतिक व नैसर्गिक संपदा आणि स्वस्ताई या बाबतींत आपला देश अग्रभागी आहे. पर्यटकांसाठीच्या सोयीसुविधांत मात्र तो बराच मागे आहे. श्रीमंत वाडा आणि मोडका जिना, अशी ही स्थिती आहे.

'स्थळाची सुगमता' ही कल्पना आपल्या पूर्वजांना मात्र नवी नव्हती. महाराष्ट्रातील लेणी निर्जन अरण्यात खोदली गेली, हा समज अर्धाच खरा आहे. जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या व्यापारी वाटेशी जोडलेली आहेत. कार्ले व भाजे बोरघाटाच्या माथ्याजवळ आहेत. अजिंठ्याचा डोंगर दक्षिणेतील प्रतिष्ठानकडून उत्तरेस माळव्याकडे जाणाऱ्या मार्गाच्या टप्प्यात येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखात वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नामक श्रेष्ठीचा उल्लेख आहे. तेथील स्तंभांवर यवन दात्यांचीही नावे आहेत. वस्तीच्या गोंगाटापासून दूर, तरी भिक्षेला आणि दानाला जवळ, अशी ही जागांची निवड होती. वाटा बदलल्या, राजाश्रय आटला, आणि लेणी ओस पडली. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठा 'सापडले' असे म्हणतात, पण त्याचा अर्थ एवढाच की त्या वाटेवर पुन्हा एक सत्ता आली होती.

अजिंठा व वेरूळ यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८३ साली, म्हणजे भारतातील पहिल्याच तुकडीत झाला. बोधगयेच्या महाबोधी विहाराला तो मान २००२ साली मिळाला. असे असूनही थायलंड, श्रीलंका, म्यानमार वा व्हिएतनाम येथून निघणारा बौद्ध यात्रेकरू गयेला उतरतो. अजिंठ्याकडे त्यांतील फारच थोडे वळतात. याची कारणे शोधली तर वर सांगितलेला भेद अगदी स्पष्ट होतो.

पहिले कारण धार्मिक आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी उपासकांसाठी चार दर्शनीय स्थाने सांगितली : जन्माचे, संबोधीचे, धम्मचक्रप्रवर्तनाचे आणि महापरिनिर्वाणाचे. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर हा क्रम त्यामुळे जगभरच्या बौद्धांच्या मनात कोरलेला आहे. अजिंठा या चारांत नाही, आणि कितीही जाहिरात केली तरी ते त्यांत येणार नाही. दुसरे कारण असे की बोधगया जिवंत आहे. १९५६ च्या २५०० व्या बुद्धजयंतीच्या सुमारापासून तेथे थाई, जपानी, भूतानी, तिबेटी, श्रीलंकेचे असे देशोदेशींचे विहार उभे राहिले. यात्रेकरूला आपल्या भाषेत बोलणारा भिक्षू, आपल्या चवीचे अन्न आणि झोपावयास जागा मिळते. गया हे दिल्ली-हावडा लोहमार्गावरचे मोठे स्थानक आहे, आणि हिवाळ्यात तेथील विमानतळावर परदेशांतून थेट विमाने येतात. अजिंठ्यात संघ नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील ते एक स्मारक आहे, आणि सायंकाळी ते बंद होते.

तिसरे कारण मात्र सर्वस्वी आपल्या हातचे आहे. औरंगाबादहून, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरहून, अजिंठा सुमारे १०० किलोमीटर आहे. जळगाव स्थानकाहून ते अंतर साठ किलोमीटरच्या आसपास पडते. रुंदीकरणासाठी हा रस्ता खोदला गेला तेव्हा काही वर्षे प्रवाशांचे अतोनात हाल झाले. त्यात अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. सोमवारी अजिंठा व मंगळवारी वेरूळ असा बेत करून आलेला पाहुणा दोन्ही दिवस दाराशीच उभा राहतो. ही बाब वरवर क्षुल्लक वाटेल, पण स्थळाची कीर्ती अशाच बाबींवर घटते-वाढते.

जपानच्या कर्जसाहाय्याने १९९० च्या दशकापासून अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकासाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. त्यातून काही चांगले झाले. खाजगी वाहने फर्दापूर फाट्यावर, लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे बसने जाण्याची जी पद्धत पडली, ती अनेकांना कटकटीची वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती सर्वांत शहाणपणाची आहे. कारण अजिंठ्याला गर्दीची मर्यादा आहे. क्रमांक १, २, १६ व १७ या लेण्यांतील चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. माणसांच्या श्वासातील दमटपणादेखील त्यांना बाधतो. १९२० च्या दशकात निजाम सरकारने आणवलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रक्षणाच्या सद्हेतूने लाखेचे रोगण चढवले आणि तेच पुढे पिवळे पडून चित्रांवर साचले. तेव्हा अधिक माणसे म्हणजे अधिक यश, हे गणित येथे चालत नाही. बटलर या अभ्यासकाने १९८० साली पर्यटनस्थळाचे जे जीवनचक्र मांडले, त्यात शोध, वाढ आणि स्थिरता यांनंतर ऱ्हासही येतो, आणि तो बहुधा स्थळाने आपली धारणक्षमता ओलांडल्यामुळे येतो.

केवळ इमारत उभारून यात्रेकरू येत नाहीत, याची ताजी उदाहरणे चार स्थानांजवळच आहेत. कुशीनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ २० ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि कोलंबोहून भिक्षूंना घेऊन पहिले विमान उतरले. पण त्यानंतर नियमित परदेशी सेवा तेथे रुजली नाही. लुंबिनीजवळ भैरहवा येथील विमानतळ मे २०२२ मध्ये खुला झाला. त्यालाही अपेक्षित उड्डाणे लाभली नाहीत. यात्रेकरूचा मार्ग अखंड असतो. तो गयेला उतरतो आणि बसने चारही स्थाने करून परततो. मधल्या एका गावी धावपट्टी बांधल्याने तो मार्ग तुटत नाही.

आता आपल्याशी थेट निगडित असलेला प्रश्न. पर्यटनाच्या हिशेबात परकीय चलन आणणारा पाहुणा मोठा आणि दीक्षाभूमीला पायी वा रेल्वेने येणारी उपासिका लहान, असे का? अशोक विजयादशमीला नागपूरला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीला लोटणारा जनसागर हॉटेलात उतरत नाही, मार्गदर्शक घेत नाही. तो पुस्तके घेतो, प्रतिमा घेतो, आणि रस्त्यावर झोपतो. त्याला पाणी, शौचालय व निवारा हवा असतो. या गरजा विचारात न घेता विकास आखला की काय होते, ते १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर दिसले. भूमिगत वाहनतळाच्या खोदकामामुळे स्तूपाला व बोधिवृक्षाला धोका पोहोचेल, या भीतीने जनतेने ते काम रोखले आणि शासनाला स्थगिती द्यावी लागली. स्थानिकांचा सहभाग हा घटक पर्यटनशास्त्राच्या पुस्तकांत शेवटच्या प्रकरणांत येतो. दीक्षाभूमीवर तो पहिल्याच पानावर आला.

याहून खोल प्रश्न अधिकाराचा आहे. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध व चार हिंदू सदस्य आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतात. अनागारिक धम्मपालांनी १८९१ पासून आणि भदन्त सुरई ससाई यांनी १९९२ पासून ज्या मागणीसाठी लढा दिला, तिच्यासाठी १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्षूंनी पुन्हा उपोषण आरंभले. देशोदेशींच्या यात्रेकरूंनी समृद्ध झालेले स्थळही व्यवस्थापनाच्या दृष्टीने किती अपुरे असू शकते, हे तेथे दिसते. महाराष्ट्रात हा प्रश्न नावांपासून सुरू होतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना 'पांडवलेणी' म्हटले जाते. लेण्याद्रीच्या विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे, आणि तेथे येणाऱ्या बहुसंख्य भाविकांना आपण बौद्ध लेण्यात उभे आहोत याची कल्पना नसते. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे मंदिर आहे. या श्रद्धांचा अवमान करण्याचे काहीच प्रयोजन नाही. परंतु फलकावर, मार्गदर्शकाच्या तोंडी आणि शासकीय पुस्तिकेत स्थळाचा खरा इतिहास यावा, एवढी अपेक्षा वाजवी आहे. माहितीची सत्यता हादेखील स्पर्धाक्षमतेचाच भाग आहे. परदेशी बौद्ध पाहुण्याला तिची उणीव चटकन जाणवते.

औरंगाबादची बुद्धलेणी या साऱ्याच्या मध्यभागी उभी आहेत. खाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, जवळच बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले ते नागसेनवन. बीबी-का-मकबरा पाहणारा पर्यटक त्या डोंगराच्या पायथ्यावरून परत फिरतो. अजिंठ्याच्या तोडीचे शिल्प हाकेच्या अंतरावर आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. नागसेनवनातून पदवी घेतलेल्या तरुणांनी पालि, जपानी किंवा थाई भाषा शिकून परवानाधारक मार्गदर्शक व्हावे, यासाठी वेगळ्या धावपट्टीची वा परदेशी कर्जाची गरज नाही. विहारांनी सायंवर्गात अशा भाषा शिकवाव्यात आणि पहिली तुकडी येत्या वर्षावासातच बसवावी.